मदत हवी आहे: सोप्याला साडीचे पडदे, पावसात टिकतील?

नमस्कार मंडळी. आमचं घर खानापूरकडं. पुढचा सोपा, म्हणजे ओसरी, पश्चिमेला, १० फूट रुंद. दुपारी तीननंतर तिथं बसवत नाही, आणि पावसाळ्यात झड थेट उंबऱ्यापर्यंत. तयार पडद्यांचा भाव ऐकून गप्प घरी आले.

आता घरीच शिवायचं ठरवलंय. सासूबाईंच्या दोन जुन्या सिंथेटिक साड्या काढल्यात. एक साडी साडेपाच मीटर, मधोमध कापली की दोन पडदे. चार झाले की चुण्यांसकट १० फूट भरतं. वर अर्ध्या इंचाचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप टाकणार. सुती कापड मुद्दाम टाळलं, ओलं राहून काळे ठिपके पडतात. (गेल्या वर्षीच्या चादरीचे ठिपके अजून गेले नाहीत!)

अडलंय ते वाऱ्यापाशी. एक पडदा लावून बघितला, तर सरळ तुळशीवर जाऊन पडला. खालच्या दुमडीत वाळूची सुरळी भरू की साखळी ओवू? वाळू भिजली तर वाळणार कधी?

आणि पितळी आयलेट (पाइपात ओवायला पडद्याला ठोकतात त्या कड्या) बेळगावात खडे बाजार, गणपत गल्लीकडं सुटे मिळतात का? ठोकून कोण देतं? सासूबाई म्हणतात, नाड्या बांध की सरळ. कुणी केलं असेल तर सांगा, मिरगाच्या आत लावायचेत.