आपत्ती आली की तंत्रज्ञान पुढं जातं, हे आपल्याकडे खरंय का?

भटकभवानी:
मंडळी, लेकीला (नववीत आहे) शाळेत भाषण करायचंय, विषय नैसर्गिक आपत्ती आणि तंत्रज्ञान. तिनं सगळं जपानचं गोळा केलंय, भूकंपाची पहिली लाट कळली की बुलेट ट्रेनला आपोआप ब्रेक लागतो वगैरे. भारीच आहे, पण अर्धा वर्ग तेच बोलणार. आपल्याकडे आपत्तीनंतर काही नवीन निघालं का, की नुसत्या समित्याच?

औसेकर:
ताई, किल्लारी घ्या. मी चौथीत होतो तेव्हा, आमचं गाव तिथंच लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून लोक झोपलेले, 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. भूकंप 6.2 चा, जपानी माणूस याला फार मोठा म्हणणार नाही, पण आपली दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. घरांनी मारली हो. माळवदाची घरं आमच्याकडं, म्हणजे वर मातीचं सपाट छत, दोन-अडीच फुटी दगडी भिंत, पण ती एक भिंत नसतीच, बाहेरून एक थर, आतून एक थर आणि मधी दगडाच्या चिपा आणि माती कोंबलेली. जमीन हलली की दोन्ही थर एकमेकाला सोडतात, भिंत पोटातून फुगते आणि बसते खाली. आणि वर माळवदाची माती. पावसाळ्यात गळू नये म्हणून आजोबा दर उन्हाळ्यात नवी पांढरी माती टाकायचे, जुनी कोण काढतंय, म्हणजे छताचं वजन दरसाल वाढतच गेलेलं.
52 गावं नवीन वसवली ते सगळ्यांना माहितीय. पण जी घरं उभी राहिली त्यांच्यासाठी जे काढलं ते मला जास्त भारी वाटतं. भिंतीतले दगड काढून ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडायचं, दोन्ही टोकं वाकवलेली सळई घालायची, काँक्रीट भरायचं, झाले दोन थर एकजीव. माळवदावरची माती उतरवून कमी करायची, खाली प्लास्टिकचा कागद अंथरायचा म्हणजे गळायचं पण नाही. बास एवढंच.

अर्धवट_इंजिनियर:
औसेकर, याला नवीन कसं म्हणता? दोन्ही तोंडांपर्यंत पोचणारा लांब दगड मधूनमधून घालायचा हे जाणत्या गवंड्याला आधीपासून ठाऊक होतं, स्वस्तात घर उरकायच्या नादात तो दगड गळाला. माझ्या मते खरा बदल नकाशात झाला. भूकंपाच्या नकाशात लातूर झोन 1 मध्ये होतं, म्हणजे सगळ्यात सेफ! 2002 साली नकाशा बदलला आणि झोन 1 हा प्रकारच काढून टाकला. आता देशात झोन 2 पासूनच सुरुवात. मुलीला हे सांगा, टाळ्या पडतील.

स्टुटगार्टवाला:
कोयना धरणाचा भूकंप विसरलात राव. 11 डिसेंबर 1967. धरणातच भूकंप मोजायचं यंत्र बसवलेलं होतं, त्यामुळं हादऱ्याची नोंद मिळाली, आणि धरणाच्या भिंतीचा उतार जिथं बदलतो तिथं भेगा पडल्या. मी इथं मास्टर्स करत होतो तेव्हा अबॅकस (बांधकामावर किती ताण येतो त्याचा हिशोब करणारं) सॉफ्टवेअर शिकायला घेतलं तर त्याच्या सरावाच्या उदाहरणांत धरणाचं उदाहरण कुठलं, तर कोयना! शेजारी बसलेल्या इराणी पोराला म्हटलं हे आमच्या साताऱ्याचं, त्याला वाटलं फेकतोय. जगभर धरणाचा भूकंपाचा हिशोब तपासायला आजही तीच नोंद वापरतात.

लोकलचा_डबा:
मुंबईचं पण घाला की. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी आणि कुलाब्याला 74. एकाच शहरात! म्हणजे एका ठिकाणी मोजून मुंबईचा पाऊस कळत नाही हे तेव्हा डोक्यात शिरलं, मग महापालिकेनं ठिकठिकाणी आपोआप पाऊस मोजणारी यंत्रं बसवली. पाणी तुंबायचं ते तुंबतंच, पण निदान कुठं किती पडला ते तासातासाला कळतं.

औसेकर:
@अर्धवट_इंजिनियर, मान्य, दगड जुनाच. पण आहे त्या भिंतीत तो नंतर कसा घालायचा, ते पण घर न पाडता, हे तर शोधावंच लागलं ना? आणि खरी अडचण तिथं नव्हतीच. आमच्या घरी माणसं बघायला आली तेव्हा आई म्हणाली, भिंत उभी आहे तर तिला भोकं कशाला पाडता. दुसरीकडं लोकांना दगडाचीच धास्ती बसली होती, त्यांना सिमेंटचं नाहीतर पत्र्याचंच पाहिजे. आम्ही दोन वर्षं पत्र्याखाली काढली, मे महिन्यात दुपारी आत भाकरी भाजायची सोय नव्हती. शेवटी चुलत्यांनी त्यांच्या भिंतीत करून घेतलं आणि ते बघून मग आईनं हो म्हटलं.

भटकभवानी:
किल्लारी फायनल! सगळ्यांचे आभार. औसेकर दादा, एक घरचा प्रश्न, माझ्या सासरी उमरग्याकडं असंच माळवद आहे, कुणी राहत नाही पण दिवाळीला सगळे जमतो. भिंत ठीक आहे की नाही ते कसं बघायचं?

औसेकर:
ओळंबा (गवंड्याची वजन बांधलेली दोरी) लावून बघा ताई, बाहेरून आणि आतून, दोन्हीकडनं. दोन्ही बाजूला पोट आलेलं दिसलं तर थर सुटलेत समजा, मग त्या खोलीत पोरांना झोपवू नका. आणि माळवदावर चढून एका कोपऱ्यात कुदळीनं उकरून मातीचा थर किती जाड आहे ते मोजा. आमच्याकडं दोन फुटांच्या वर निघाला होता.