मदत हवी आहे : रास्पबेरी पाय ५ चे पोर्ट, वीजपुरवठा आणि वाचनालयासाठी करायची जोडणी

नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाची पुस्तक देवघेव अजूनही नोंदवह्यांवर चालते. ती संगणकावर आणता यावी म्हणून एका हितचिंतकांनी वाचनालयाला ४ जीबी रॅम असलेला रास्पबेरी पाय ५ हा छोटा संगणक भेट दिला आहे. भेटीत फक्त बोर्ड मिळाला. चार्जर, केबल, डबी यांपैकी काहीही नव्हते. कार्यकारिणीने जोडणीचे काम माझ्याकडे सोपवले असून, खर्च करण्यापूर्वी या बोर्डवर कोणती सोय कुठे आहे आणि कोणत्या पोर्टवर किती भार टाकावा, हे मला नीट समजून घ्यायचे आहे.

बोर्ड जेमतेम ८५ मिलिमीटर लांब आणि ५६ मिलिमीटर रुंद आहे. एका लांब कडेवर वीजपुरवठ्याचा यूएसबी-सी पोर्ट, त्याच्या शेजारी दोन पिनांची अगदी लहान जोडणी आणि पुढे दोन मायक्रो एचडीएमआय पोर्ट आहेत. त्या दोन पोर्टच्या मध्ये तीन पिनांची आणखी एक जोडणी दिसते. आखूड कडेवर निळ्या रंगाचे दोन आणि काळ्या रंगाचे दोन यूएसबी पोर्ट, तसेच नेटवर्क केबलचा पोर्ट आहे. दुसऱ्या आखूड कडेवर लहान बटण व दिवा असून त्याच बाजूला खालून मेमरी कार्डाची खाच आहे. दुसऱ्या लांब कडेने चाळीस पिनांची दुहेरी रांग गेलेली आहे. हेडफोनचा गोल पोर्ट मात्र कुठेच आढळला नाही.

सध्या वाचनालयातील लॅपटॉपचा ६५ वॅटचा यूएसबी-सी चार्जर मी वापरत आहे. संगणक सुरू होतो. परंतु हा चार्जर ५ अँपिअर देऊ शकत नसल्यामुळे जोडलेल्या उपकरणांची वीज मर्यादित केली जाईल, अशा अर्थाची सूचना पडद्यावर येते. कीबोर्ड, माऊस आणि बारकोड स्कॅनर व्यवस्थित चालतात. अडीच इंची बाह्य हार्ड डिस्क जोडून मोठी फाईल उतरवू लागल्यावर मात्र ती मध्येच दिसेनाशी होते. पुरेशापेक्षा कितीतरी अधिक वॅटचा चार्जर असताना वीज कमी का पडावी, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

याखेरीज आमच्याकडचा मॉनिटर जुना, केवळ व्हीजीए जोडणीचा आहे. त्याला हा संगणक कसा जोडावा? अंध सभासदांना बोलकी पुस्तके ऐकवण्याची आमची इच्छा आहे, तर आवाज कुठून घ्यावा? आणि इंटरनेट बंद असताना वीज जाऊन परत आली की संगणकाची तारीख मागे पडते. देवघेवीत परतीची तारीख हाच सारा आधार असल्याने याची मला विशेष काळजी वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद १

आपण बोर्डचे वर्णन इतके नेमके केले आहे, की उत्तर देणे सोपे झाले. आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर वॅटमध्ये नसून व्होल्टमध्ये आहे.

यूएसबी-सी चार्जर आणि त्याला जोडलेले उपकरण प्रथम आपसांत ठरवतात, की वीज किती व्होल्टने द्यायची. लॅपटॉपचा ६५ वॅटचा चार्जर ही पूर्ण शक्ती २० व्होल्टवर देतो. २० व्होल्ट आणि सव्वातीन अँपिअर यांचा गुणाकार ६५ होतो. रास्पबेरी पाय मात्र ५ व्होल्टच घेतो, आणि त्या व्होल्टवर असे बहुतेक चार्जर ३ अँपिअरपेक्षा जास्त देत नाहीत. म्हणजे आपल्या संगणकाच्या वाट्याला येतात फक्त १५ वॅट. उद्या १०० वॅटचा चार्जर आणला, तरी तो ५ व्होल्टवर ३ अँपिअरच देणारा असेल, तर परिस्थितीत काहीही फरक पडणार नाही.

या संगणकासाठी कंपनीने काढलेला अधिकृत चार्जर २७ वॅटचा आहे, आणि त्याचे वैशिष्ट्य त्या २७ आकड्यात नसून, तो ५.१ व्होल्टवर ५ अँपिअर देतो यात आहे. यूएसबी-सीच्या साध्या केबलमधून ३ अँपिअरपर्यंतच वीज नेता येते. त्याहून अधिक विजेसाठी आपली क्षमता चार्जरला कळवणारी चिप असलेली केबल लागते. अधिकृत चार्जरला केबल कायमची जोडलेली असल्याने हा प्रश्नच उद्भवत नाही.

आता हार्ड डिस्कविषयी. चार्जर ३ अँपिअरचा आहे हे लक्षात आल्यावर हा संगणक चारही यूएसबी पोर्टना मिळून एकूण ६०० मिलिअँपिअर एवढीच वीज देतो. ५ अँपिअरचा चार्जर ओळखू आला, की हीच मर्यादा १.६ अँपिअर होते. यूएसबी ३ च्या नियमानुसार एकटे उपकरणदेखील ९०० मिलिअँपिअरपर्यंत वीज मागू शकते आणि फिरती तबकडी असलेली हार्ड डिस्क जोर पडल्यावर त्या आकड्याच्या आसपास जाते. त्याच ६०० मध्ये आपला कीबोर्ड, माऊस आणि स्कॅनरही आहेत. त्यामुळे आपली डिस्क बिघडलेली आहे असे एवढ्यावरून समजू नये. तिला वीज पुरत नाही, हे कारण अधिक संभवते.

पोर्ट चार दिसतात म्हणून चार भुकेली उपकरणे लावता येतील, हा समज या बोर्डबाबत सर्वांत महागात पडतो. कोणतेही उपकरण विकत घेताना ते पोर्टमध्ये बसते का, यापेक्षा ते किती वीज ओढते, हे आधी विचारावे.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. इतके दिवस न सुटलेली गोष्ट स्पष्ट झाली. दोन उपप्रश्न आहेत. वाचनालयातील एका स्वयंसेवकांनी असे सुचवले, की सेटिंगमध्ये जाऊन ही ६०० मिलिअँपिअरची मर्यादा उठवता येते. तसे करणे योग्य ठरेल का? आणि चार्जर न बदलता स्वतंत्र वीज घेणारा यूएसबी हब, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा जोड, लावला तर चालेल का?

प्रतिसाद २

ती सेटिंग खरोखरच आहे, परंतु तिचा उपयोग वेगळा आहे. काही वीजपुरवठे ५ व्होल्टवर ५ अँपिअर देण्यास समर्थ असतात, पण ते संगणकाला तसे कळवू शकत नाहीत; अशा वेळी आपल्याला खात्री असेल तर ती सेटिंग बदलावी. आपला चार्जर मुळातच ३ अँपिअरचा असल्याने मर्यादा उठवल्यावर व्होल्टेज पडेल, संगणक मंदावेल किंवा मध्येच बंद होईल, आणि मेमरी कार्डावर काही लिहिले जात असताना तो बंद पडला तर देवघेवीच्या नोंदी खराब होऊ शकतात. माझ्या मते वाचनालयाच्या कामासाठी हा धोका पत्करू नये.

स्वतःचा अडॅप्टर असलेला हब हा चांगला पर्याय आहे, कारण त्यावरची हार्ड डिस्क संगणकाची वीज घेणारच नाही. मात्र काही स्वस्त हब यूएसबी केबलमधून उलट संगणकाकडे वीज सोडतात, आणि मग मुख्य चार्जर काढला तरी बोर्डवरचा दिवा जळत राहतो. हब घेतल्यावर हे तपासावे आणि तसे आढळल्यास परत करावा.

पोर्टची वाटणी साधी आहे. निळे दोन पोर्ट यूएसबी ३ चे आहेत, ते हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्हसाठी राखून ठेवावेत. कीबोर्ड, माऊस आणि स्कॅनर काळ्या, म्हणजे यूएसबी २ च्या बाजूला लावावेत. त्यांना वेगाची गरज नसते. बारकोड स्कॅनर संगणकाच्या दृष्टीने एक कीबोर्डच असतो, त्यामुळे तोही काळ्या पोर्टवर किंवा हबवर निर्धास्तपणे चालेल. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. यूएसबी ३ च्या चालू उपकरणातून आणि हलक्या केबलमधून निघणाऱ्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायमध्ये व्यत्यय आणतात. डिस्क जोडल्यावर इंटरनेट अडखळू लागले, तर राउटरचे ५ गिगाहर्ट्झचे जाळे निवडावे किंवा सरळ नेटवर्क केबल लावावी. तिचा पोर्ट गिगाबिट वेगाचा आहे.

प्रतिसाद ३

मॉनिटर आणि आवाज यांविषयी लिहितो, कारण या दोन्ही गरजा एकाच वस्तूने भागू शकतात.

व्हीजीएचा संकेत ॲनालॉग असतो आणि एचडीएमआयचा डिजिटल, त्यामुळे नुसती दोन टोकांची केबल चालत नाही. आत रूपांतर करणारे सर्किट असलेला कन्व्हर्टरच घ्यावा लागतो. तो घेताना ३.५ मिलिमीटरचा आवाजाचा पोर्ट असलेला घ्यावा. एचडीएमआयमधून चित्रासोबत आवाजही येतो, तो या पोर्टमधून वेगळा निघतो आणि तिथे हेडफोन किंवा स्पीकर लावता येतो. रास्पबेरी पाय ४ वर असलेला हेडफोनचा पोर्ट पाय ५ वर काढून टाकलेला आहे. कन्व्हर्टरमधून आवाज नको असेल, तर यूएसबीवर चालणारे लहान साउंड कार्ड किंवा ब्लूटूथ हेडफोन वापरता येईल. बोलक्या पुस्तकांसाठी मी तारेचा हेडफोनच सुचवीन. सभासद बदलला की ब्लूटूथ पुन्हा जोडत बसावे लागत नाही.

केबल घेताना दुकानात मायक्रो एचडीएमआय असेच स्पष्ट सांगावे. मिनी एचडीएमआय हा त्याहून थोडा मोठा, वेगळा प्रकार आहे आणि तो इथे बसणार नाही. एकच मॉनिटर असेल तर तो वीजपुरवठ्याच्या जवळच्या पोर्टला लावावा, कारण पहिला पोर्ट तो आहे. हे दोन्ही पोर्ट नाजूक आहेत. जड कन्व्हर्टर थेट बोर्डाला लोंबकळत ठेवू नये. आधी आखूड केबल लावावी आणि कन्व्हर्टर टेबलावर टेकवावा.

प्रतिसाद ४

तारखेचा प्रश्न आपण विचारलात, हे फार चांगले केलेत. वीजपुरवठ्याशेजारची दोन पिनांची जोडणी नेमकी त्यासाठीच आहे. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर स्वतंत्र घड्याळच नव्हते. बंद करतेवेळची वेळ नोंदवून ठेवायची आणि सुरू झाल्यावर इंटरनेटवरून दुरुस्त करायची, अशी त्यांची रीत होती. पाय ५ वर घड्याळ आहे, पण वीज नसताना ते चालू ठेवणारा सेल त्या जोडणीत आपण लावायचा असतो. तोपर्यंत आपल्याला आलेला अनुभव येतच राहणार.

सेल निवडताना कृपया काळजी घ्यावी. कंपनी यासाठी पुन्हा चार्ज होणारा लिथियम-मँगनीजचा सेल विकते, आणि त्यासोबत जोडणीची तार येते. बोर्डकडून त्याला चार्ज करण्याची सोय सुरुवातीला बंद असते, ती सेटिंगमध्ये चालू करावी लागते. ती चालू असताना घड्याळात किंवा रिमोटमध्ये घालतात तसा साधा, चार्ज न होणारा बटण सेल तिथे कधीही लावू नये. तो फुगू किंवा फुटू शकतो.

बटणाविषयीही सांगतो. डेस्कटॉप सुरू असताना ते एकदा दाबले की संगणक बंद करण्याचे पर्याय पडद्यावर येतात आणि लागोपाठ दोनदा दाबले की तो व्यवस्थित बंद होतो. दाबून धरले तर तो तत्काळ बंद होतो. तो मार्ग संगणक पूर्ण अडकला तरच वापरावा. बंद केल्यावरही चार्जर चालू असेल तर दिवा तांबडा राहतो आणि सुरू असताना तो हिरवा असतो, एवढे ग्रंथपालांना समजावून सांगितले तर भिंतीवरचे बटण आधी बंद करण्याची सवय लागणार नाही.

धागाकर्ता

आपणा सर्वांच्या उत्तरांमुळे खरेदीची यादी तयार झाली : ५ अँपिअरचा अधिकृत चार्जर, मायक्रो एचडीएमआय केबल, आवाजाच्या पोर्टसह व्हीजीए कन्व्हर्टर आणि घड्याळाचा सेल. हब तूर्त घेत नाही. नव्या चार्जरवर डिस्क कशी चालते ते आधी पाहीन. राहिलेला प्रश्न चाळीस पिनांचा आणि डबीचा आहे. वाचनालयात शाळेची मुले येतात आणि त्यांना या पिनांविषयी फार कुतूहल आहे. आणि आमच्याकडे उन्हाळा कडक असतो, तर पंखा आवश्यक आहे का?

प्रतिसाद १

पंखा अवश्य घ्यावा. यूएसबी पोर्टच्या जवळ चार पिनांची एक जोडणी आहे, ती पंख्याचीच. संगणकाचे तापमान ५० अंश सेल्सिअसला पोहोचले की अधिकृत पंखा आपोआप फिरू लागतो आणि उष्णतेप्रमाणे वेग वाढवतो. ८० अंशांपुढे प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करू लागतो. डबी घेताना ती पाय ५ साठीचीच आहे याची खात्री करावी. पाय ४ च्या तुलनेत नेटवर्क आणि यूएसबी पोर्टच्या जागांची अदलाबदल झालेली असल्याने जुनी डबी बसत नाही. पूर्ण धातूच्या डबीने वाय-फाय क्षीण होऊ शकते.

पिनांबाबत माझे मत ठाम आहे : देवघेवीच्या संगणकावर मुलांनी प्रयोग करू नयेत. या पिना ३.३ व्होल्टवर चालतात. त्याच रांगेत ५ व्होल्टच्या पिनाही आहेत आणि चुकून त्यांना जोडलेली तार शेजारच्या पिनेला लागली, तर प्रोसेसरशी जोडलेला भाग कायमचा निकामी होऊ शकतो. झाकण पिनांवर पूर्ण बसेल अशीच डबी निवडावी. मुलांचे कुतूहल मात्र वाया जाऊ देऊ नये. त्यांच्यासाठी पुढेमागे रास्पबेरी पाय पिको हा स्वस्त बोर्ड वेगळा घ्यावा. एलईडी, बटण आणि तापमापक जोडण्याचे सारे प्रयोग त्यावर होतात, आणि तो बिघडला तरी वाचनालयाची एकही नोंद जात नाही.