मदत हवी आहे: सोसायटीला लागून असलेल्या प्लॉटचा झोन बदलतोय, हरकत कशी लिहावी?

मंडळी, ठाण्यात ढोकाळी-कोलशेत भागात राहतो. आमच्या कंपाउंडला लागून एक मोकळा प्लॉट आहे. तो रहिवास विभागातून वाणिज्य विभागात घ्यायचा म्हणून एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम 37 खालची नोटीस पेपरात आली आहे. हरकती-सूचनांना एक महिना, त्यातला आठवडा उलटलाय. मालकाच्या माणसाने आमच्या ग्रुपवर रंगीत चित्र टाकलंय: खाली दुकानं, वर दोन मजले ऑफिसं, समोर झाडं आणि सायकलवरून जाणारी एक बाई. (आमच्या गल्लीत कुणी निवांत सायकल चालवून दाखवावी, चहा माझ्याकडून.)

आधीच सांगतो, दुकानांना माझा विरोध नाही. आमच्याकडच्या ज्येष्ठांना साध्या औषधाच्या पट्टीसाठी कोलशेत रोड ओलांडावा लागतो. खाली केमिस्ट आला, वाण्याचं दुकान आलं, तर ते सगळ्यांनाच हवंय.

प्रश्न गल्लीचा आहे. विकास आराखड्यात ती 9 मीटर दाखवली आहे. टेप धरून मोजली तर गटारापासून गटारापर्यंत साडेसहा भरते, आणि त्यातही एका बाजूला महावितरणचा डीपी (विजेची पेटी) जाळीसकट पुढे आलेला. सकाळी शाळेची बस आणि पाण्याचा टँकर समोरासमोर आले की टँकरचा क्लीनर उतरतो, दोन स्कूटर उचलून बाजूला ठेवतो, मग बस इंचाइंचाने मागे जाते. तिथे उद्या दुकानांचे टेम्पो आणि ऑफिसवाल्यांच्या गाड्या आल्यावर काय होईल, कुणीच बोलत नाही.

कमिटीचं म्हणणं, लेटरहेडवर एका ओळीत ‘आमचा तीव्र विरोध आहे’ लिहून द्यायचं. मला ते पटत नाही. असली पत्रं फाइलला लागतात आणि तिथेच राहतात. त्यापेक्षा आधी रस्ता, मग बांधकाम, अशी अट मागावी असं वाटतं. पण अशी अट झोन बदलताना घालतात का? की ते सगळं प्लॅन मंजुरीच्या वेळी बघतात? आणि कागदपत्रांसाठी माहिती अधिकारात अर्ज टाकू का?

प्रतिसाद: पाचपाखाडीकर

माहिती अधिकाराच्या उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. उत्तर येईपर्यंत तुमचा महिना संपलेला असेल. सरळ महापालिका भवनात शहर विकास विभागात जा, प्रस्ताव आणि भाग नकाशा बघायला मागा. नोटीस हरकतींसाठीच आहे, बघू देतात. पत्राची पोच आवक क्रमांकासह घ्या. आणि नोटिशीत कलम 37(1) आहे की 37(1कक), ते नीट वाचा. पहिलं असेल तर हरकत महापालिकेकडे. दुसरं असेल तर नोटीस शासनाची, मग हरकत नोटिशीत दिलेल्या अधिकाऱ्याकडेच जाते. आपल्याकडे बहुधा कोकण भवनातले नगररचना सहसंचालक असतात. चुकीच्या टेबलावर दिलेलं पत्र कुणी पुढे पाठवेल या भरवशावर राहू नका.

प्रतिसाद: जुना ड्राफ्ट्समन

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? राज्याच्या 2020 च्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीत रस्ता पुरेसा रुंद असेल तर रहिवास विभागातही दुकानं-ऑफिसं चालतात, झोन बदलावा लागत नाही. मग मालकाला तो बदलून का हवाय? बहुतेक रस्त्याची रुंदी कमी पडतेय म्हणूनच. म्हणजे तुमचा मुद्दा तोच त्यांचाही अडथळा आहे. हरकतीत तो पहिला घ्या, सोबत मोजमापाचे फोटो, टेपचे आकडे दिसतील असे.

दुसरं, त्या चित्राकडे बघूच नका. झोन बदलतो तो जमिनीचा, चित्राचा नाही. एकदा वाणिज्य झाला की मालक प्लॅन बदलू शकतो, प्लॉट विकू शकतो, आणि नवा मालक त्या झोनमध्ये जे जे बसतं ते मागू शकतो. केमिस्टच्या जागी बार आला तर ग्रुपवरचं चित्र दाखवून काही होणार नाही. म्हणून अटी आत्ताच मागा. फेरबदलाला अंतिम मंजुरी शासन देतं आणि त्या आदेशात अटी घालता येतात. रस्तारुंदीसाठी प्लॉटमधली जागा आधी महापालिकेकडे हस्तांतरित करणं, माल उतरवण्याची जागा प्लॉटच्या आतच ठेवणं, असं नेमकं लिहा.

सोसायटीचं पत्र ठरावासह एक, आणि ज्यांना वेगळं म्हणायचंय त्यांचं वेगळं. भाडेकरूही देऊ शकतात. सुनावणीला बोलावतील तेव्हा गल्लीबद्दल बोलू शकेल असा माणूस पाठवा, नुसता आवाज मोठा असलेला नको.

धागाकर्ता:

दोघांचेही आभार. नोटीस परत काढून बघितली, 37(1) आहे, म्हणजे पाचपाखाडीचं महापालिका भवन. सोमवारी जातो. रुंदीचा मुद्दा कमिटीला सांगितल्यावर सेक्रेटरीकाका पहिल्यांदाच ‘तीव्र विरोध’ सोडून टेप शोधायला उठले. डीपी हलवायचं महावितरणला सांगायचं की तेही याच हरकतीत लिहायचं? आणि अशा फेरबदलाचा अटींसह झालेला एखादा आदेश कुणाकडे असेल तर इथे टाका, शब्दरचना बघायची आहे.