व्यालेली म्हैस माजावर येईना: ई-सेलेनियम टोचावं की गोठा सुधारावा?

डिचोलीकर

गोव्यातल्या आमच्या दूध सोसायटीवर सकाळी कॅन रिकामे होईपर्यंत हल्ली एकच वाद. विण्याआधी म्हशीला ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमचं इंजेक्शन द्यावं की तो नुसता औषधवाल्यांचा धंदा? माझं मत सरळ आहे: द्यावं. निदान उन्हाळाभर पेंढ्यावर काढलेल्या आणि पावसाच्या तोंडावर विणाऱ्या म्हशीला तरी.

विण्याआधीचे तीन आणि नंतरचे तीन आठवडे म्हशीला सगळ्यात जड जातात. खाणं कमी, दूध एकदम सुरू, अंगातली चरबी वितळायला लागलेली. अशा वेळी पेशींना इजा करणारी मुक्त मूलकं जास्त तयार होतात. ई जीवनसत्त्व पेशीच्या आवरणात राहून त्यांना आवरतं आणि सेलेनियमवर चालणारं ग्लुटाथायोन परॉक्सिडेज हे विकर (एन्झाइम) उरलेलं काम करतं. गंमत म्हणजे नेमकं तेव्हाच बरंचसं ई चिकातून निघून जातं. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी दुबळ्या पडल्या की व्याल्यावर पडायची वार (जार) अडकते, गर्भाशयात पू होतो आणि माज लांबतो. गाभणकाळ ३१० दिवसांच्या आसपासचा, म्हणजे तेरा-चौदा महिन्यांत पुढचं वेत हवं तर व्याल्यापासून तीन महिन्यांत ती गाभण राहायला हवी. कितीजणांची राहते, खरं सांगा.

पेडण्याचा गवळी

असहमत. म्हैस माजावर येत नाही असं म्हणणाऱ्या निम्म्या गोठ्यांत ती येऊन गेलेली असते, मालकाला पत्ता नसतो. म्हशीचा माज मुका. गाईसारखी एकमेकींवर उडत नाही, सोट (माजाचा चिकट स्राव) लोंबत नाही, आणि जे काही करायचं ते रात्री किंवा पहाटे करते. आपण दूध काढलं, कॅन उचलला, पळालो. एक माज हुकला की २१ दिवस गेले. त्यावर सुई कसलं काम करणार?

शिवाय म्हैस आखडत्या दिवसांची. दिवस लहान व्हायला लागले की ती नीट माजावर येते, मार्च ते जूनमध्ये ढिम्म. काळी कातडी, घामाच्या ग्रंथी थोड्या, वर आपल्याकडची दमट हवा. हरियाणाची मुऱ्हा म्हैस आणून पत्र्याखाली सिमेंटवर बांधायची, लोळायला डबकं नाही आणि मग म्हणायचं ॲंटीऑक्सिडंट (ती मूलकं आवरणारं द्रव्य) कमी पडलं!

गुरांचा डॉक्टर

दोघांनीही आपापल्या सोयीचं सांगितलंय.

इंजेक्शनाच्या बाजूने आणि विरुद्ध, दोन्हीकडे पुरावा आहे. कॅनडात गाईंवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत (२००२ साली प्रसिद्ध) विण्याच्या आठवडाभर आधी ३००० आययू (जीवनसत्त्व मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक) ई टोचलं. वार अडकणं कमी झालं, पण ज्यांच्या रक्तात ई आधीच कमी होतं त्यांच्यातच. बाकीच्यांना फरक नाही. नेदरलँड्समधली २०१० सालची चाचणी तर उलटीच निघाली. भाकड काळात रोज ३००० आययू दिलेल्या गाईंना नंतर कासदाह जास्त झाला. तेव्हा ‘जीवनसत्त्वच आहे, बाधणार नाही’ हे डोक्यातून काढा.

सेलेनियमचं तर आणखी जपून. एकूण कोरड्या खाद्यात किलोमागे ०.३ मिलिग्रॅम, एवढीच त्याची शिफारस. पंजाबात नवांशहर-होशियारपूर पट्ट्यातल्या जमिनीत सेलेनियम जास्त आहे, तिथे जनावरांचे केस गळतात, खूर तडकून सुटतात. सेलेनियम असलेलं खनिज मिश्रण, वर पावडर, वर इंजेक्शन, असं तिन्ही चालू असलेले गोठे मी पाहतो. बाटलीवरचं प्रमाण कोणी वाचत नाही.

डिचोलीकर

डॉक्टर, तुमची कॅनडाची चाचणी माझ्याच बाजूची झाली की! ज्यांच्यात कमी, त्यांना फायदा. मे महिन्यातली आमची म्हैस म्हणजे कमीचा नमुनाच. तिकडच्या गाईला वर्षभर मुरघास, आमचीला भाताचा जुना पेंढा, त्यात ई नावालासुद्धा नाही. नेदरलँड्सचा डोस रोजचा होता, मी एका सुईबद्दल बोलतोय. आणि आपली लाल माती आम्लधर्मी, लोहाने भरलेली. अशा मातीत सेलेनियम अडकून बसतं, चाऱ्यात फारसं उतरत नाही, असं तुम्हीच मागे सांगितलं होतं.

साखळीची सून

इथे सगळे पुरुष सुईवर भांडतायत आणि म्हशीला घास घालणारी मी. ई आणि कॅरोटीन हिरव्या चाऱ्यात असतंच, बाटलीत घालून विकावं लागत नाही. आमच्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) पाटाच्या कडेने संकरित नेपियर गवत लावलंय. सुपारीच्या पाण्यावरच वाढतं, एप्रिल-मेमध्येही कापायला मिळतं. ज्यांच्याकडे पाणी आहे आणि तरी नुसता पेंढा घालतात, त्यांनी आधी लाज वाटून घ्यावी. पाणी नाही त्यांचं डिचोलीकर म्हणतात ते मान्य, त्यांनी टोचावं.

कॅरोटीनचं सांगायचं तर, म्हशीचं दूध पांढरं दिसतं कारण ती त्याचं अ जीवनसत्त्व करून टाकते. दुधात पिवळेपणा नाही म्हणून चाऱ्यात कॅरोटीन कमी, असा हिशेब गाईच्या दुधावरून करू नका. आमच्याकडे एक पावडरवाला हेच सांगून पिशवी विकायला आला होता.

हळदोणेकर

काजूच्या बोंडूत क जीवनसत्त्व भरपूर. हुर्राक (बोंडूच्या रसाची दारू) काढल्यावरचा चोथा फुकट मिळतो. हेच ॲंटीऑक्सिडंट म्हणून का नाही घालत?

गुरांचा डॉक्टर

क जीवनसत्त्व रवंथ करणाऱ्यांच्या पोटातच बहुतेक नष्ट होतं, आणि त्यांना लागेल तेवढं ते यकृतात तयार करतात. चोथा खाद्य म्हणून सुकवून, थोडा, सवय लावत घाला. ताजा आंबलेला पाटीभर ओतलात तर पोटात आम्ल होईल, आणि मग रात्री मला फोन.

सूनबाईंचं बोलणं मला पटतं, फक्त एक जोड. नुसता हिरवा चारा वाढवून भागत नाही. पेंढ्यात प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के, फॉस्फरस कमी आणि ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. विताना म्हैस हाडं दिसण्याइतकी उतरलेली असेल तर ई-सेलेनियम देऊनही माज वेळेवर येणार नाही.

पेडण्याचा गवळी

हेच तर मी म्हणतोय. सोसायटीकडे पैसे असतील तर पंखे, फवारे आणि रात्री माज बघणारा माणूस यांवर घालवा. सरसकट सगळ्या म्हशींना सुई हा सगळ्यात आळशी उपाय.

साखळीची सून

रात्री माणूस ठेवायची गरज नाही हो, निजायच्या आधी आणि पहाटे एकेक फेरी मारली तरी पुरे. संध्याकाळी-रात्री माज दिसला तर सकाळी कृत्रिम रेतन, सकाळी दिसला तर संध्याकाळी. आमची अडचण रविवारची. त्या दिवशी रेतनाला कोणी येत नाही आणि म्हशी नेमक्या शनिवारी रात्री ओरडतात.

डिचोलीकर

सरसकट मीही म्हणत नाही, पहिलीच पोस्ट वाचा. ज्यांना हिरवं मिळत नाही त्यांच्यापुरतं बोला. डॉक्टर, अशा म्हशीला टोचायचं कधी?

गुरांचा डॉक्टर

विण्याच्या साधारण तीन आठवडे आधी, एकदा, पशुवैद्याने ठरवलेल्या डोसात. खनिज मिश्रणात सेलेनियम किती आहे ते आधी दाखवा. पण यासाठी विण्याची तारीख माहीत हवी, म्हणजे रेतनाची नोंद हवी. बाहेरून गाभण आणलेल्या म्हशीची व्यापारी सांगतो ती तारीख धरू नका. महिन्या-दीड महिन्याची चूक सहज असते. हात घालून तपासून घ्या, मग सुईचं बघू.