मदत हवी आहे: लॉग बॅकअप रिस्टोअर होत नाही, एरर ४३०५ (तातडीचं)

सांजपाखरू
नमस्कार मंडळी. पतसंस्थेचा सर्व्हर आहे. रोज रात्री दिवसअखेर झाल्यावर फुल बॅकअप (अख्ख्या डेटाबेसचा) आणि दिवसभर दर पंधरा मिनिटांनी लॉग बॅकअप (मागच्या लॉगनंतरच्या व्यवहारांचा) निघतो. नवीन बॅकअप सॉफ्टवेअर घ्यायचं चाललंय, पण त्याआधी आहे ते चालतं का बघू म्हणून दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करायला घेतलं. फुल चढला, सकाळचे काही लॉगही चढले आणि मध्येच ४३०५. म्हणे हा लॉग फार पुढचा आहे, आधीचा आणा. अहो, आधीचा आत्ताच चढवला की! एकही फाइल गायब नाही, सगळे नंबर लागोपाठ आहेत. सोमवारी ऑडिटर येतायत, त्यांच्यासमोर रिस्टोअर करून दाखवायचंय. गूगल करा म्हणू नका, करून झालंय.

तर्कट
डेटाबेस कुठला? एडिशन? रिकव्हरी मॉडेल? बॅकअप कशाने निघतो, जॉबने की बॅच फाइलने? ज्योतिष येत नाही मला.

सांजपाखरू
४३०५ म्हटल्यावर एसक्यूएल सर्व्हरच ना. २०१६ स्टँडर्ड. रिकव्हरी मॉडेल फुल, म्हणजे लॉग बॅकअप घेता येतो असं. एसक्यूएलच्याच एजंटचा, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सेवेचा, जॉब आहे.

लिंबूटिंबू_९
इतकं डोकं कशाला लावता? रात्री सर्व्हिस बंद करायची, एमडीएफ आणि एलडीएफ (डेटा आणि लॉगच्या) फाइली पेनड्राइव्हवर घ्यायच्या, परत चालू. आमच्या कापड दुकानात वर्षानुवर्षं हेच चालतं. कसला लॉग न कसलं काय.

जुना टेबलस्पेस
लिंबूटिंबू, दुकान रात्री बंद होतं म्हणून जमतं तुम्हाला. पतसंस्थेचा सर्व्हर दुपारी तीनला गेला तर सकाळपासूनच्या पावत्या, विड्रॉल, कर्जाचे हप्ते कुठून आणणार? स्लिपा शोधत बसणार का? शिवाय संध्याकाळी पिग्मी एजंटांच्या मशीनमधलं कलेक्शन चढतं ते वेगळंच. लॉग बॅकअप त्यासाठीच असतो.
सांजपाखरू, एरर नक्की कितीच्या फाइलवर येते?

निरोप्या
मधे कुणीतरी हाताने फुल बॅकअप घेतला असणार. फुल घेतला की लॉगची साखळी तुटते. मॅनेजरना विचारा.

जुना टेबलस्पेस
नाही हो, साफ चूक. फुल बॅकअपने लॉग साखळी तुटत नाही, तो लॉग रिकामाही करत नाही. त्याने बदलतो तो डिफरन्शियलचा (शेवटच्या फुलनंतर बदललेलंच घेणाऱ्या बॅकअपचा) पाया, म्हणून मधला फुल 'कॉपी ओन्ली', म्हणजे तो पाया न हलवणारा, घ्यावा म्हणतात. साखळी तुटते रिकव्हरी मॉडेल सिंपल केलं की, त्यात लॉग बॅकअप नसतोच. आणि मधला एखादा लॉग बॅकअप आपल्या हाती नसेल, तर ती तुटली नसली तरी आपल्यापुरती तुटलेलीच.

निरोप्या
आमच्या ऑफिसात तुटली होती, डोळ्यांनी पाहिलंय.

तर्कट
कुणीतरी सिंपल करून परत फुल केलं असेल. तेव्हा कुणी काही तपासलं होतं का?

निरोप्या
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

सांजपाखरू
भांडू नका राव. दहा पंधराची फाइल चढत नाही, दहाची चढते. आदल्या दिवशीचे लॉग घेऊन बघितलं, तिथेही दहा पंधरालाच अडकतं. मॉडेल कुणी बदललेलं नाही.

जुना टेबलस्पेस
रोज त्याच वेळी? मग हा घड्याळावर चालणारा दुसरा कुणीतरी आहे. त्या सर्व्हरवर आणखी काय बसवलंय?

सांजपाखरू
काही नाही. अँटिव्हायरस, सीबीएस (कोअर बँकिंगचं सॉफ्टवेअर), बस. हां, नवीन सॉफ्टवेअरचं ट्रायल आहे, डीलरचा माणूस मागच्या आठवड्यात टाकून गेला. पण ते चालू केलेलं नाही, फक्त बसवून ठेवलंय असं तो म्हणाला.

तर्कट
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतं तर!

जुना टेबलस्पेस
अंदाजावर नको, सर्व्हर स्वतःच्या नोंदी ठेवतो त्या एमएसडीबी डेटाबेसला विचारा. त्यात बॅकअपसेट आणि बॅकअपमीडियाफॅमिली अशी दोन टेबलं आहेत, मीडिया सेट आयडीवर जोडा. त्या दिवसाच्या, टाइप 'एल' (लॉग) असलेल्या ओळी पहिल्या एलएसएनच्या (लॉगमधल्या नोंदीचा अनुक्रमांक) क्रमाने लावा आणि युजरनेम, डिव्हाइस टाइप, फिजिकल डिव्हाइसचं नाव हे कॉलम बघा. बॅकअप कुणीही घेतला, आपल्या जॉबने की बाहेरच्या सॉफ्टवेअरने, सर्व्हर त्याची नोंद इथे ठेवतोच. डिव्हाइस टाइप २ म्हणजे साधी डिस्कवरची फाइल. ७ दिसला तर व्हर्च्युअल डिव्हाइस, म्हणजे बाहेरचं सॉफ्टवेअर.

चहाटळ
अवांतर: टॅलीचा बॅकअप आपोआप ड्राइव्हवर जाण्यासाठी काय करावं? प्राइम आहे.

पोस्टग्रेसप्रेमी
सरळ पोस्टग्रेस या फुकटच्या डेटाबेसवर या. वॅल आर्काइव्हिंग (तिथला लॉग बॅकअप) चालू करा, पीजीबॅकरेस्ट हे बॅकअपचं टूल बसवा, लायसनचा एक रुपया नाही. तसंही २०१६ चा विस्तारित सपोर्ट १४ जुलै २०२६ पर्यंतच आहे.

तर्कट
सीबीएस त्यांनी लिहिलेलं नाही हो, कंपनीचं आहे. सोमवारी ऑडिट आणि तुम्ही डेटाबेस बदलायला सांगताय.

सांजपाखरू
सापडलं!! रोज दहा वाजून सात मिनिटांनी एक ओळ, डिव्हाइस टाइप ७, नाव म्हणजे महिरपी कंसात लांबलचक आकडे-अक्षरं. युजर एनटी अथॉरिटी सिस्टम. दुपारी एक सातलाही आहे, चार सातलाही. म्हणजे ट्रायल चालू आहे! कन्सोल उघडून पाहिला, तर बसवताना तयार झालेल्या जॉबमध्ये 'ट्रान्झॅक्शन लॉगचा बॅकअप घे आणि लॉग ट्रंकेट (रिकामा) कर' ला टिक. डीलरला फोन केला, तर तो म्हणतो डिफॉल्टच तसं असतं, आमच्या बाकीच्या ग्राहकांची तक्रार नाही.

जुना टेबलस्पेस
तक्रार असेल कशी? त्यांनी रिस्टोअर करून बघितलंच नसेल.
झालंय असं: दहाला तुमच्या जॉबने लॉग घेतला. दहा सातला ट्रायलने घेतला, आणि मधल्या सात मिनिटांचे व्यवहार त्याच्या पोटात गेले. दहा पंधराला तुमच्या जॉबला फक्त उरलेली आठ मिनिटं मिळाली. पासबुकाची मधली पानं दुसऱ्याच्या खिशात, असा प्रकार. फाइलींचे नंबर तुमचा जॉब देतो म्हणून लागोपाठ, एलएसएन मात्र लागोपाठ नाहीत.
डेटा गेलेला नाही, दोन ठिकाणी वाटला गेलाय. आधी ट्रायलचा लॉग जॉब थांबवा. त्याचं रिपॉझिटरी (बॅकअप साठवायची जागा) पुसू नका, ट्रायल अनइन्स्टॉल तर अजिबात करू नका! मग दुसऱ्या मशीनवर पहिल्यापासून: फुल विथ नोरिकव्हरी (पुढचे लॉग चढवता यावेत म्हणून डेटाबेस न उघडता), तुमचे लॉग दहापर्यंत नोरिकव्हरीने, मग दहा सातचा तुकडा ट्रायलच्या कन्सोलमधून, डेटाबेस 'रिस्टोरिंग' अवस्थेत ठेवायचा पर्याय निवडून, आणि परत तुमचे; एक सात आणि चार सातलाही तसंच. शेवटच्याला विथ रिकव्हरी, म्हणजे डेटाबेस उघडेल. त्यानंतर चेकडीबी (डेटाबेसची आतली तपासणी) चालवा. व्हेरिफायओन्लीवर (रिस्टोअर न करता फाइल तपासायची कमांड) विसंबू नका, फाइल वाचता येते यापुढे ते फारसं काही सांगत नाही.

लिंबूटिंबू_९
पेनड्राइव्हला हे काही लागलं नसतं.

घाटावरची
लिंबूटिंबूदादा, तुमचा पेनड्राइव्ह सर्व्हरलाच खोचलेला असतो ना? रॅन्समवेअर आलं की तोही जाणार. आणि सांजपाखरू, ट्रायलचं रिपॉझिटरी कुठे आहे? त्याच सर्व्हरच्या डी ड्राइव्हवर असेल तर ते सॉफ्टवेअर घेऊन उपयोग काय?

सांजपाखरू
डी ड्राइव्हवरच आहे :( नास (नेटवर्कवरची स्टोरेज पेटी) घेतलाय, पण बॉक्समध्ये पडून आहे.

घाटावरची
मग तो आधी लावा. सॉफ्टवेअर कुठलं हा प्रश्न नंतरचा. आणि नासचा पासवर्ड सर्व्हरच्या अ‍ॅडमिन पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा. आमच्याकडे एकच होता, हल्लेखोर थेट बॅकअपपर्यंत पोचला.

सांजपाखरू
अपडेट: संध्याकाळच्या शेवटच्या लॉगपर्यंत चढलं. चेकडीबी स्वच्छ. कॅश बुकची शिल्लक दोन्हीकडे जुळली. जुना टेबलस्पेस, तुमचे पाय कुठे आहेत?
आता पुढचं. लॉग कुणाकडे ठेवू, जॉबकडे की सॉफ्टवेअर घेतलं तर त्याच्याकडे?

तर्कट
सॉफ्टवेअरकडे. पैसे मोजणार ते कशासाठी? त्यात वेळ टाकून रिस्टोअर करता येतं, 'दोन वाजून चाळीस मिनिटांपर्यंत' म्हटलं की झालं.

जुना टेबलस्पेस
मी जॉबकडे ठेवीन. उद्या लायसन संपलं, डीलर फोन उचलेना, तरी साध्या .टीआरएन (लॉग बॅकअपच्या) फाइली कुठल्याही एसक्यूएल सर्व्हरवर चढतात, फक्त आवृत्ती तीच किंवा पुढची हवी. सॉफ्टवेअरला रात्रीचा अख्खा सर्व्हर घेऊ द्या, त्यातला डेटाबेस 'कॉपी ओन्ली'. पण दोघांपैकी कुणाही एकालाच द्या, दोघांना नको. आणि जॉबमध्ये विथ चेकसम (बॅकअप घेतानाच बिघाड पकडणारा पर्याय) नसेल तर घाला.

सांजपाखरू
जॉबकडेच ठेवतो, संचालकांना खर्च कमी दिसेल. नास लावला, झेड ड्राइव्ह म्हणून जोडला. आता लॉग तिथे लिहायला सांगितलं तर जॉब ऑपरेटिंग सिस्टिम एरर ३ देतो, पाथ सापडत नाही म्हणे. एक्सप्लोररमध्ये तर लख्ख दिसतोय.

घाटावरची
झेड तुमच्या लॉगिनपुरता आहे. सर्व्हिस वेगळ्या अकाउंटने चालते, तिला तो दिसत नाही. जॉबमध्ये दोन उलट्या तिरप्या रेघा, नासचं नाव, मग शेअरचं नाव असा पूर्ण पाथ द्या. त्यावर एरर ५ आली तर परवानगी नाही. डोमेन (सगळ्या मशीनचे युजर एकाच ठिकाणी) आहे का तुमच्याकडे?

सांजपाखरू
नाही, वर्कग्रुप.

घाटावरची
मग सर्व्हरवर एक साधा युजर काढा, नासवर त्याच नावाचा आणि त्याच पासवर्डचा दुसरा. या शेअरपलीकडे त्याला कुठे हात लावता येऊ नये, अ‍ॅडमिन तर अजिबात करू नका. एसक्यूएल सर्व्हरची सर्व्हिस त्या युजरने चालवा. बदल सर्व्हिसेसमधून करू नका, कॉन्फिगरेशन मॅनेजरमधून करा, म्हणजे बाकीचे हक्क ते स्वतः लावतं. सर्व्हिस रीस्टार्ट होईल, तेव्हा काउंटर बंद झाल्यावरच.