खोबरेल साबण हाताला चावतोय, शनिवारी स्टॉल आहे! मदत हवी

ठाण्याची_मुग्धा: घरी खोबरेल तेलाचा साबण केला. तेल 500, कॉस्टिक 92, पाणी 200. तीन आठवडे झाले तरी हात धुतले की बोटांच्या बेचक्यात चुरचुरतं. वड्यांवर पांढरी पूडही आलीय. प्रमाण अगदी तंतोतंत घेतलं होतं. शनिवारी सोसायटीत स्टॉल आहे, प्लीज लवकर सांगा.

वाशीकर: कॉस्टिक सोडा की पोटॅश? सोड्याचा रेणुभार 40, पोटॅशचा 56. तेवढ्याच तेलाला पोटॅश जवळपास दीडपट लागतं.

ठाण्याची_मुग्धा: सोडाच. फ्लेक्स.

सुगरण_कळवा: अगं, मी तर अंदाजानेच करते. वड्यांना लिंबाचा रस चोळ, चावणं जातं.

वाशीकर: कळवा ताई, कृपया असं सांगू नका. आम्लाने साबण फुटतो, आत राहिलेला सोडा आतच राहतो.

सुगरण_कळवा: माझा कधी फुटला नाही. आणि टँकरच्या पाण्याने फेस येत नाही, आधी पाणी बदला.

ठाण्याची_मुग्धा: फेस भरपूर येतोय, ताई. चावतोय!

घणसोलीचे_काका: रबाळ्याला प्लांटवर 26 वर्षं काढली, म्हणून विचारतो. तेल 500 काय? ग्राम की मिली?

ठाण्याची_मुग्धा: मापाच्या भांड्यात 500 च्या रेषेपर्यंत ओतलं. कॉस्टिक काट्यावर. का हो काका?

घणसोलीचे_काका: तिथेच घोळ झाला, बाळा. तेल पाण्यापेक्षा हलकं, 500 मिली म्हणजे साधारण 460 ग्राम. खोबरेलला ग्रामामागे 0.183 ग्राम सोडा लागतो, म्हणजे 84. तू घातलास 92. आठ ग्रामला जोडीदारच मिळाला नाही, तोच चावतोय. सहा महिने ठेवलास तरी त्यावर भरवसा ठेवू नकोस.

वाशीकर: फ्लेक्स हवेतला ओलावा धरतात, त्यामुळे खरा सोडा थोडा कमीच असेल ना?

घणसोलीचे_काका: असेल. पण त्या आशेवर कोणाच्या अंगाला लावायचा का? वरची पूड म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने झालेला धुण्याचा सोडा, ती पुसली की जाते. वड्या हातमोजे घालून किस. थोडं पाणी आणि 70 ग्राम खोबरेल, वजन करून, घाल. गरम पाण्यात भांडं ठेवून मंद आचेवर दोन तास घोट. भांडं स्टीलचं हवं. ॲल्युमिनियम सोड्यात विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो. 70 अशासाठी, की सोडा सगळा संपून थोडं तेल उरावं.

ठाण्याची_मुग्धा: मग शनिवारी चालेल?

घणसोलीचे_काका: नाही. परत सुकायला चार आठवडे. पीएच पट्टी 9-10 दाखवेल तेव्हा आधी स्वतःच्या हातावर वापर. पट्टी 11 च्या वर गेली तर एकही वडी कोणाला देऊ नकोस, सोसायटीत लहान मुलं आहेत.

सुगरण_कळवा: स्टॉलवर उटणं ठेव की! मुलतानी माती, आंबेहळद, नागरमोथा. जांभळी नाक्याला सगळं मिळतं.

ठाण्याची_मुग्धा: काका, आज रात्रीच किसायला घेते. 70 ग्राम काट्यावर, कळलं. उटण्यात हळद किती घालायची, ताई?

सुगरण_कळवा: अंदाजाने गं.

वाशीकर: ताई!