साइन्ड-अनसाइन्डला मराठीत काय म्हणायचं?

परफॉर्मन्स ट्रेसिंगच्या (प्रोग्रामचा वेळ कुठे जातो ते नोंदवणाऱ्या) टूलमधल्या इंटिजर बग्सवर मराठीत लिहितोय. साइन्ड इंटिजर (उणे आकडेही धरणारा पूर्णांक) आणि अनसाइन्ड इंटिजर (उणे न धरणारा) यांना शब्द हवेत. 'स्वाक्षरी केलेला पूर्णांक' असलं भाषांतर नको, इथे साइन म्हणजे सही नाही, अधिक-उण्याचं चिन्ह आहे. 'चिन्हांकित' आणि 'चिन्हविरहित' चालतील का?

---

चिन्हांकित नको, त्याचा अर्थ खूण केलेला असा होतो. 'चिन्हयुक्त' बरा आहे. पण खरी अडचण 'चिन्हविरहित'मध्ये आहे, कारण तो वाचून असं वाटतं की उण्याचं चिन्ह काढून टाकलं की -५ चा ५ होतो, आणि तसं अजिबात होत नाही. ३२ बिटांच्या अनसाइन्डमध्ये -५ टाकला की ४२९४९६७२९१ मिळतात. बिट्स तेच असतात, आपण ते वाचतो कसे तेवढंच बदलतं.

ट्रेसिंगमध्ये हे फार महागात पडतं. टाइमस्टॅम्प, म्हणजे इव्हेंटच्या वेळेची नोंद, ६४ बिटांचा अनसाइन्ड, नॅनोसेकंदात, आणि कोड करतो काय तर शेवट वजा सुरुवात. आता दोन इव्हेंट वेगवेगळ्या सीपीयूवर नोंदले गेले आणि त्यांची घड्याळं जराशी मागेपुढे असली (लिनक्सच्या एफट्रेस या ट्रेसिंग टूलमधलं 'लोकल' घड्याळ वेगवान आहे पण सगळ्या सीपीयूंवर ते जुळेलच असं नाही) की शेवट सुरुवातीच्या आधीचा दिसतो, उत्तर यायला हवं -१ आणि येतं १८४४६७४४०७३७०९५५१६१५, म्हणजे एका फंक्शनला सुमारे ५८४ वर्षं लागली असा रिपोर्ट. एवढा मोठा आकडा निदान डोळ्यात तरी भरतो, पण तोच सरासरीत मिसळला की ग्राफ उगाच वर गेलेला दिसतो आणि माणूस भलत्याच फंक्शनच्या मागे लागतो.

म्हणून माझं मत, शब्द शोधायचाच तर आधी 'ड्युरेशन'चा शोधा. आपण त्याला सर्रास 'अवधी' म्हणतो, आणि अवधी कधी उणे असतो का? नसतो. मग व्हेरिएबलचं नाव अवधी ठेवलं की हात आपोआप अनसाइन्डकडे जातो. त्याला 'फरक' म्हणा. फरक उणे निघू शकतो हे शाळेपासून माहीत असतं. टाइमस्टॅम्प अनसाइन्ड राहू दे, वजाबाकीचं उत्तर मात्र साइन्डमध्ये घ्या, उणे आलं तर ते घड्याळाच्या गडबडीचं लक्षण म्हणून वेगळं दाखवा. गुपचूप शून्य करू नका, त्याने माहितीच पुसली जाते.

---

फरक आवडला. पण मग सगळंच साइन्ड का नाही ठेवायचं? ६४ बिट साइन्डमध्येही २९२ वर्षांचे नॅनोसेकंद मावतात की.

---

वेळेला चालेल, मेमरीतल्या पत्त्यांना नाही. प्रोफाइलरमध्ये (कोणत्या फंक्शनला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या टूलमध्ये) कर्नलचे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे, पत्ते अगदी वरच्या टोकाला असतात, वरचा बिट १ असतो, ते साइन्ड म्हणून वाचले की उणे होतात आणि सॉर्ट केल्यावर यूजर प्रोग्रामच्या आधी येऊन बसतात, मग सिम्बॉल, म्हणजे त्या पत्त्यावरच्या फंक्शनचं नाव, चुकीचा सापडतो. शिवाय सी भाषेत साइन्ड ओव्हरफ्लो झाला, म्हणजे आकडा मावेनासा झाला, तर काय होईल याची खात्रीच नाही, अनसाइन्ड मात्र नियमाप्रमाणे फिरून शून्यावर येतो. लिनक्स कर्नल याचाच फायदा घेतो: वेळेची तुलना करताना वजाबाकी अनसाइन्डमध्ये करायची आणि उत्तर साइन्ड म्हणून वाचायचं, म्हणजे काउंटर फिरला तरी आधी कोण नंतर कोण हे बरोबर कळतं, फक्त दोघांतलं अंतर निम्म्या पल्ल्याच्या आत हवं. तिथला जिफीज काउंटर (घड्याळाचे ठोके मोजणारा) तर मुद्दाम अशा आकड्यावरून सुरू करतात की ३२ बिटांत तो बूटनंतर ५ मिनिटांतच फिरावा, म्हणजे असले बग लगेच बाहेर पडतात.

आणि रीड कॉलचं (फाइल वगैरे वाचणाऱ्या सिस्टिम कॉलचं) उत्तर अनसाइन्डमध्ये साठवू नका. एरर आली की तो -१ देतो, 'शून्यापेक्षा कमी आहे का' ही तपासणी मग कधीच खरी ठरत नाही. जीसीसी कंपायलरची साइन-कंपेअर वॉर्निंग (साइन्ड-अनसाइन्डची तुलना दिसली की इशारा देणारी) चालू ठेवा, सी++ ला ती -Wall मध्येच येते, सी ला -Wextra लावावं लागतं.

---

मग शब्दांचं काय ठरलं?

---

लेखात साइन्ड-अनसाइन्डच लिहा, पहिल्यांदा येतील तिथे 'उणे आकडे धरणारा' आणि 'उणे आकडे न धरणारा' असं सांगा. पूर्णांक ठेवा, तो सगळ्यांना कळतो. रॅप होण्याला (काउंटर टोकाला जाऊन परत शून्यावर येण्याला) 'गुंडाळणे' नको, 'काउंटर फिरला' म्हणा.